कॉट नंबर सात
स्पिरिटचा वास आला की बुलढाण्याच्या एका दवाखान्यातला तो वॉर्ड आठवतो. मी शाळेत होते आणि आई तिथे भरती होती. सात नंबरच्या काकूंचा जीव घाबरत होता, म्हणून आईने एसटीत जागा द्यावी तशी आपली खिडकीजवळची कॉट त्यांना दिली आणि स्वतः त्यांच्या कॉटवर जाऊन पडली. हे कोणाला सांगायला हवं, असं आम्हाला वाटलंच नाही. थोड्या वेळाने सिस्टर इंजेक्शन भरून आल्या. "सात नंबर, इन्सुलिन ना?" आई डोळे मिटूनच म्हणाली, "हाव." आईला शुगर नव्हती, पण डॉक्टर-सिस्टर काहीही म्हणाले तरी ती हावच म्हणायची.  वर्गात मी कधी हात वर केला नव्हता, पण तेव्हा सिस्टरांचा हात घट्ट धरला. "काऊन वं पोरी, हात सोड!" "कॉट बदललीय," मी जवळजवळ ओरडले, "इन्सुलिन त्या काकूंचं आहे!" सिस्टरांनी आईला नाव विचारून केसपेपर पाहिला आणि सुईवर परत टोपण चढवलं. "पाह्य, किती जोरात वरडली त्यायच्यावर," आई मलाच रागावली. आज रक्त तपासायला गेले, तर नर्सने विचारायच्या आधीच मी पूर्ण नाव सांगितलं, आणि नळीवर तिने लिहिलेलं नाव स्वतः वाचल्याशिवाय बाही वर केली नाही.