पोट नसलेली गिटार

खोक्यातून आधी गिटारची दांडी निघाली आणि मागून तिचे धड वेगळे निघाले, तेव्हा तोलोमुश उस्ताचे डोळेच पांढरे झाले. सोबतच्या पिशवीत चार स्क्रू होते. म्हणजे दांडी धडाला स्क्रूने आवळायची आणि त्याला वाद्य म्हणायचे.

“ही मोडून आलीय,” तो म्हणाला.

“मोडलेली नाही, आके. अशीच असते. सुटे भाग येतात, आपण घरी जोडायचे,” त्याची मुलगी पेरिझात म्हणाली. म्हणाली कसली, ओरडलीच. हल्ली या घरात सगळेच ओरडून बोलत. तेवीस वर्षांच्या पोरीचे एक वेळ ठीक आहे, पण बायको साइराकानसुद्धा चहाला हाक मारायची ती उस्ता गावच्या सरोवराच्या पलीकडच्या काठावर बसल्यासारखी. बोकोनबायेवमधली माणसे बोलायची रीतच विसरली, असे उस्ताचे ठाम मत झाले होते. बाहेरचे लोक तर आणखी विचित्र. ते तोंडातल्या तोंडात पुटपुटत.

चाळीस वर्षे त्याने कोमुझ बनवण्याखेरीज दुसरे काही केले नव्हते. त्याच्या बापानेही तेच केले होते. जर्दाळूचा एक ओंडका घ्यायचा आणि त्यातूनच पोट आणि दांडी एकसंध कोरून काढायची. वर पाइनच्या फळीचे झाकण सरसाने चिकटवायचे, तीन तारा चढवायच्या, झाले. जोडलेल्या दांडीचे कोमुझ म्हणजे दारू पिऊन घोड्यावरून पडलेल्याचे कोमुझ. असली कोमुझे तो दुरुस्त करून देई, पण देताना “हे लग्नात वाजवू नकोस” असे बजावल्याशिवाय राहत नसे. आणि इथे कारखान्यातूनच मान मोडलेले वाद्य आले होते.

खोके सेयितबेकचे होते. बाजारात लग्नकार्यांसाठी माइक आणि स्पीकर विकणारा हा माणूस. निम्म्या मेंढीच्या किमतीत इलेक्ट्रिक गिटार, असे तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. पेरिझातला त्याने बोलीवर दिली होती. रविवारपर्यंत घरी ठेव, बघ, नको असेल तर परत आण, फक्त हत्यार लावू नका.

पेरिझात दवाखान्यात कामाला होती, तिचा पगार होता, तिला कुणाला विचारायची गरज नव्हती. तरी तिने विचारले.

“तुम्ही फक्त लाकूड बघा. वाईट म्हणालात तर रविवारी परत देईन आणि पुन्हा नाव काढणार नाही.”

“आणि चांगलं म्हटलं तर?”

“तर जोडून तुम्हीच द्यायची. दुसऱ्याच्या हातची मला नको.”

एवढे बोलून ती बटाटे काढायला मावशीच्या गावी तीन दिवसांसाठी निघून गेली आणि उस्ताच्या गळ्यात हे लोढणे अडकले.

प्रश्न निम्म्या मेंढीचा नव्हता. भिंतीवर खिळ्याला पेरिझातचे कोमुझ टांगलेले होते. ती पंधरा वर्षांची झाली तेव्हा त्यानेच ते केले होते, आणि तिच्यासारखी बोटे सरोवराच्या उभ्या काठावर दुसऱ्या कुणाची नव्हती, असे तो मानत असे. पण पुढे पोरीला काय झाले कोण जाणे. गत सुरू करायची झोकात आणि मधेच सोडून द्यायची. “पुरी का नाही करत?” असे त्याने विचारले की बापाकडे बघत राहायची. एकदा, दोनदा, दहादा हेच झाले. एक दिवस तिने कोमुझ खिळ्याला टांगले, ते दोन वर्षांत खाली आले नाही. उस्ताला ते फार लागले होते. तो कुणाला बोलला नाही, पण रोज जेवताना त्याचे लक्ष त्या खिळ्याकडे जाई.

आता या खोक्याला हो म्हटले तर ते कोमुझ कायमचे खिळ्याला लटकणार. नाही म्हटले तर पोरगी शब्दाची पक्की, खोके परत देईल आणि पुन्हा कशालाच हात लावणार नाही. उस्ताच्या घरात मग वाद्य म्हणून फक्त चहाची किटली वाजणार.

पहिले दोन दिवस त्याने खोके उघडले आणि बंद केले, एवढेच. कामात तरी मन रमावे, तर तिथेही आनंदीआनंद होता. कामाच्या खोलीत अकरा कोमुझे ओळीने पडली होती, अकराही गिऱ्हाइकांनी परत आणलेली. सगळ्यांची झाकणे तडकलेली. जर्दाळूच बिघडली, असे उस्ता सांगे. पूर्वीचे लाकूड टिचकी मारली की बोलायचे, आताचे मुके. त्याच्याकडून आवाज काढायचा तर झाकण पातळ करावे लागते, आणखी पातळ करावे लागते, आणि मग ते तडकते. अंगणातल्या झाडाला तो येताजाता शिव्या घालत असे.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने गिटारचे धड मांडीवर घेतले आणि कलिंगड पारखतात तसे बोटाच्या पेराने वाजवले. काही नाही. कड वाजवली, मध्य वाजवला. ठार मुके. त्याने ते हातात तोलले, उलटे केले, आणि एकदम त्याच्या लक्षात आले. याला पोटच नव्हते. खाटकाच्या ओंडक्यासारखे आरपार भरीव. वरच्या बाजूला दोन चौकोनी खड्डे तेवढे होते, तेही उथळ, आणि कडेला एक लहानसा.

उस्ता थक्क झाला. म्हणजे कारागिराने पोकळ करायला सुरुवात केली, दोन खड्डे खणले आणि जेवायला निघून गेला. आणि तसेच ते खोक्यात भरून विकायला ठेवले. सेयितबेकने त्याच्या पोरीला, कोमुझच्या उस्ताच्या पोरीला, अर्धे कोरलेले लाकूड वाद्य म्हणून चिकटवले.

त्याचे रक्त खवळले. पण राग ओसरल्यावर मात्र त्याला बरे वाटू लागले. कारण आता हो म्हणायला वाट होती. दोष आळसाचा होता, आणि आळसावरचा उपाय त्याच्या पेटीत होता. त्याच्या हाताने पोट कोरले की ही दूरची का होईना, कोमुझची नातलग होणार होती. त्याने गोल पटाशी काढली.

साइराकान कणकेचे बोर्सोक तळत होती. तिने खिडकीतून पाहिले आणि झारा घेऊनच धावत आली.

“अहो उस्ता, हत्यार लावायचं नाही अशी बोली आहे ना?”

“मग काय, पोट नसलेलं वाद्य देऊ पोरीला?”

“तिला यायला तर द्या. विचारा, मग करा.”

“काय म्हणतेस?”

“विचारा म्हणते!” ती ओरडली.

“ओरडू नकोस,” उस्ता म्हणाला आणि पहिला टोला घातला.

काम मात्र देखणे झाले. मागच्या बाजूने त्याने सगळा गर काढला, पुढे अंगठ्याएवढी जाडी राखली, आणि मागे पाइनचे झाकण बसवले. हल्ली बसवायचा तसलेच, कागदासारखे. मग सरस वाळेपर्यंत लहान पोरासारखा तो फाटकाकडे बघत बसला.

पेरिझात आली ती बटाट्यांची पिशवी खांद्यावर घेऊन. तिने धड पाहिले, उलटे केले, झाकणावरून बोट फिरवले, आणि पिशवी खाली पडली. बटाटे अंगणभर गडगडत गेले. तिचे ओठ हलले, पण उस्ताला काही कळले नाही.

“तोंडातल्या तोंडात बोलू नकोस.”

“ती भरीवच असते, आके!” ती ओरडली. “हिला पोट नसतंच. आवाज तारेखालच्या लोहचुंबकात जातो आणि स्पीकरमधून बाहेर येतो. ते खड्डे लोहचुंबकांचे आहेत.”

उस्ताच्या पायाखालची जमीन सरकली. चाळीस वर्षे तो लाकडाच्या आत पोकळी करत आला होता, कारण पोकळीशिवाय आवाज नाही हे त्याला सूर्य पूर्वेला उगवतो इतके पक्के ठाऊक होते. आणि कुणीतरी कुठेतरी ठोकळ्याला तारा लावून मोकळे झाले होते. त्याहून वाईट म्हणजे मुलीची वस्तू त्याने मुलीला न विचारता पोखरून ठेवली होती. तो कान धरून खाली बसला.

“सुंठेवाचून खोकला गेला,” साइराकान बटाटे गोळा करता करता म्हणाली. “आता सेयितबेक काही ही परत घेत नाही. घ्यायची की नाही, सुटला प्रश्न.”

“मी अजून हो म्हटलेलं नाही,” उस्ता गुरगुरला. पण दुसऱ्या दिवशी ते चार स्क्रू त्यानेच आवळले, तोंड फिरवून. तारांच्या जोडण्या पेरिझातने केल्या. गावच्या क्लबातून तिने स्पीकर मागून आणला, अंगणात ठेवला, वायर लावली आणि पहिली तार छेडली.

जे झाले ते सांगायची सोय नाही. कागदी झाकण थरथरले, स्पीकरने ते ऐकले, झाकणाने स्पीकरला ऐकले, आणि दोघांनी मिळून असा काही हंबरडा फोडला की कोंबड्या कुंपणापलीकडे गेल्या. कुत्रा गाडीखाली शिरला. साइराकानने दोन्ही कान गच्च दाबले.

तोलोमुश उस्ता तेवढा उभा राहिला, हात खाली सोडून. त्याला ते ऐकू येत होते. नुसते येत नव्हते, काठोकाठ येत होते. एवढा भरलेला आवाज आपण शेवटचा कधी ऐकला हे त्याला आठवेना.

पेरिझातने घाईघाईने बटण खाली आणले आणि तारांवर पालथा हात ठेवला. मग तिने त्याच्याकडे एकदा पाहिले आणि वाजवायला घेतले. नवे काही नाही. तीच गत, जी ती कोमुझवर नेहमी मधेच सोडून देई. नेहमीची जागा आली. ती पुढे गेली. पुढे काहीतरी बारीक, सावकाश, पाण्याच्या कडेने चालल्यासारखे सुरू झाले आणि बराच वेळ चालू राहिले.

“हे कुठलं?” उस्ताने विचारले. “हे तू कधी वाजवत नव्हतीस. इथे तर तू सोडून द्यायचीस.”

पेरिझात थांबली.

“मी कधीच सोडलं नाही, आके. इथून पुढे ते हळू आहे.”

उस्ताने साइराकानकडे पाहिले. ती जमिनीकडे पाहत होती. मग त्याने विचारले, “किती दिवस?”

“चार वर्षं.”

“आणि मला कुणी सांगितलं नाही?”

“सांगितलं होतं,” साइराकान म्हणाली. “दोनदा. तुम्ही म्हणालात, पुटपुटू नका.”

“कोमुझला स्पीकर लावला असता तर तुम्ही मला घराबाहेर काढलं असतं,” पेरिझात म्हणाली. “म्हणून म्हटलं, जिला स्पीकर लागतोच असं काहीतरी आणू. तुमच्यासमोर वाजवायचं आणि तुम्ही पुरी का नाही करत म्हणायचं, हे मला पुन्हा नको होतं.” मग ती रडू लागली. त्याला ते ऐकू आले नाही, दिसले.

उस्ता कामाच्या खोलीत गेला. खुंटीवरून त्याने बापाने केलेले कोमुझ काढले आणि त्याच्या झाकणाची कड बोटांच्या चिमटीत धरली. मग परत आलेल्या अकरांची एकेक करून धरली. बापाच्या झाकणाच्या निम्म्याइतके जाड असे एकही नव्हते. चार वर्षे तो त्या झाडाला शिव्या घालत होता. नाचता येईना अंगण वाकडे. झाडाचे काही बिघडले नव्हते. लाकूड सगळा वेळ बोलत होते, आणि अकरा माणसांनी त्याच्या तोंडावर ते सांगण्याऐवजी मुकाट्याने वाद्ये आणून ठेवली होती. त्याला भयंकर लाज वाटली.

बाहेर साइराकानने चहा ओतला, तो निवला. बऱ्याच वेळाने उस्ता अंगणात आला. त्याच्या एका हातात पाइनची नवी फळी होती, दुसऱ्या हातात रंधा आणि पटाशी. गिटार त्याने पालथी घातली, कागदी झाकणाच्या कडेत पटाशी सारली आणि ते उखडून काढले.

“सेयितबेकला सांग, ही राहिली,” तो म्हणाला. “आणि इकडे ये. समोर बस.”

पेरिझात डोळे पुसत समोर बसली. त्याने फळी तिच्या हातात दिली.

“हिला टिचकी मार आणि सांग कशी बोलते. तू ऐक. मी कापतो.”

तिने फळी कानाशी धरली आणि टिचकी मारली. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

“जाड आहे अजून!” ती ओरडली.

या वेळी त्याला राग आला नाही. त्याने फळी घेतली, रंध्याचा एकच हात फिरवला आणि पुन्हा तिच्याकडे दिली.