दोन मेव्हण्यांची एक गाडी

बार्सिलोनातल्या मोटारसायकलच्या कारखान्यात फेलिऊ नव्या गाड्या चालवून बघायचा. रोज सकाळी डोंगरातल्या वळणांनी वर जायचं, खाली यायचं आणि ब्रेक कुठे ढिला पडतो, गिअर कुठे अडतो ते सिंतो मिस्त्रीला सांगायचं, हे त्याचं काम. बुटका, जाड मानेचा, बोलायला कंजूष. त्याच्या बायकोचा, रुझेचा, धाकटा भाऊ नार्सिस त्याच खात्यात होता. तो ताडमाड उंच आणि तोंडाने सैल.

दोन वर्षांपूर्वी नार्सिस जेवणानंतर गाडी काढताना फेलिऊला त्याच्या तोंडाला दारूचा वास आला. फेलिऊने सरळ खात्याचे प्रमुख बोफारुल साहेबांना सांगितलं. साहेबांनी नार्सिसला शर्यतीच्या विभागातून काढून नुसत्या विक्रीच्या गाड्यांवर बसवलं. तेव्हापासून मेव्हण्या-मेव्हण्यांत अबोला. रुझे एकदा भावाकडे जेवायची, एकदा नवऱ्याला वाढायची.

जुलैत मोंजुईकच्या टेकडीवरचे रस्ते बंद करून चोवीस तासांची शर्यत व्हायची. गाडी एक, चालवणारे दोन, आळीपाळीने. त्या वर्षी फेलिऊचं नाव लागलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तो घरी शीळ घालत आला. पण शर्यत महिन्यावर आलेली असताना त्याच्या जोडीदाराने गळ्याजवळचं हाड मोडून घेतलं.

"नार्सिसला घेतोय," बोफारुल साहेब म्हणाले.

"दुसरं कोणी नाही?"

"आहे की. मी आहे. बसू?" फेलिऊने साहेबांच्या पोटाकडे बघितलं आणि हातमोजे चढवले.

सराव पहाटे त्याच टेकडीवर, दूधवाल्यांच्या गाड्या रस्त्यावर यायच्या आत चालायचा. फेलिऊ उतरला की म्हणायचा, "सिंतो, त्याला सांग, स्टेडियमच्या वळणावर मागचं चाक सरकतंय."

"सिंतो, त्याला सांग, मला डोळे आहेत," नार्सिस.

"तो तुझ्यापासून हातभर लांब उभाय," सिंतो वैतागला. "मी काय पोस्टमन आहे?"

खरी अडचण सीटची होती. फेलिऊच्या मापाने सीट खाली घेतली की नार्सिसचे गुडघे हँडलला लागत, तासाभरात मांड्यांत गोळे येत. वर घेतली तर फेलिऊचे पाय टेकेनात. शर्यतीत दर वेळी बोल्ट खोलत बसायला वेळ कुठला? सिंतो म्हणाला, सीट खालीच ठेवू, नार्सिसच्या पाळीला वरून पट्ट्यांनी बसवता येईल अशी गादी हवी, चामड्याची, पक्की शिवलेली. रुझे घरी चामड्याच्या पिशव्या शिवायची.

फेलिऊने घरी विषय काढला. रुझे मशीनवरून मानही न उचलता म्हणाली, "नाही शिवणार."

"अगं, तुझ्याच भावासाठी."

"म्हणूनच. दोघं इथे या, माझ्या समोर बसा आणि माप सांगा. एकेकट्याचं ऐकणार नाही."

रविवारी दुपारी नार्सिस आला. रुझेने पावावर टोमॅटो चोळून, तेल-मीठ घालून पुढ्यात ठेवलं, सॉसेज तळली आणि मधे बसली. पहिला घास गिळून नार्सिस म्हणाला, "दाजी, साहेबांकडे जायच्या आधी मला तोंडावर का नाही बोललास?"

"बोललो असतो तर गाडीवरून उतरला असतास?"

नार्सिसने विचार केला. "नसतो."

"मग?"

"तरी मला आधी सांगायला हवं होतंस."

फेलिऊने पावाचा तुकडा ताटात ठेवला. "हो. हवं होतं. घाबरलो होतो. तुला काही झालं असतं तर हिला काय सांगणार होतो?"

"झालं? चार बोटं जाड की पाच?" रुझेने टेप काढली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत होता.

शनिवारी संध्याकाळी शर्यत सुटली. गादी दोन पट्ट्या आवळल्या की बसायची, सोडल्या की निघायची. रविवारी सकाळपर्यंत निम्म्या गाड्या बाद झाल्या होत्या. मग कुणाच्या तरी गाडीचं तेल सांडलेल्या वळणावर नार्सिस गवताच्या गठ्ठ्यांत गेला. गाडी चढावर ढकलत, घामाने निथळत तो सिंतो उभा होता तिथे, गाड्या थांबवायच्या पिटमध्ये आला. सिंतोने पाय ठेवायचा वाकलेला दांडा ठोकून सरळ केला. नार्सिस पुन्हा टांग टाकून बसला.

"क्लच दाब," फेलिऊ म्हणाला.

"दाबतो ना, चालायला लागल्यावर."

"आत्ता."

डाव्या हाताची बोटं मिटेचनात. मनगट सुजून टम्म झालं होतं.

"उतर, नार्सिस."

नार्सिसने त्याच्याकडे रागाने बघितलं. मग स्वतःच गादीच्या पट्ट्या सोडल्या, गादी काखेत घेतली आणि उतरला.

उरलेला वेळ फेलिऊने एकट्याने काढला. नार्सिस दर फेरीला कठड्यावर वाकून पुढच्या गाडीचं अंतर ओरडून सांगत होता. आवाज बसला तेव्हा टोपी हलवून. ते नववे आले. फेलिऊला गाडीवरून उतरता येईना, नार्सिस आणि सिंतोने उचलून खाली घेतलं. साहेबांनी पाठ थोपटली तेव्हा तो कळवळला.

सप्टेंबरात नार्सिसला शर्यतीच्या विभागात परत घेतलं. पुढच्या वर्षी साहेबांनी पुन्हा दोघांची नावं लावली, तर फेलिऊने नकारार्थी मान हलवली. कंबर गेली होती त्याची. "एकदा झालं, पुष्कळ झालं," म्हणाला, आणि सकाळी नवी गाडी घेऊन डोंगराकडे निघून गेला.