लाल पट्ट्याचा पाइप

सुधाकर गेल्याचं कळलं तेव्हा मी त्याच्यावर चिडलेलो होतो. आदल्या संध्याकाळी त्याचा फोन आला होता. खिडकीला डासांची जाळी बसवायची होती, आणि ती अॅल्युमिनियमची असावी की प्लास्टिकची, यावर तो माझ्याशी पाऊण तास बोलला. शेवटी मी म्हटलं, "कुठलीही लाव, पण लाव," आणि फोन ठेवून दिला. सकाळी सातला पुन्हा त्याचंच नाव फोनवर झळकलं. आता हा तिसऱ्या प्रकारची जाळी काढणार, म्हणून मी तो वाजू दिला. पुन्हा वाजला. उचलला, तर वहिनी होत्या. "भावजी, हे उठत नाहीयेत..." एवढंच म्हणाल्या.

याला आता सात आठवडे होतील. त्याच्याविषयी लिहायचं ठरवलं ते केवळ आठवणी काढण्यासाठी नव्हे. त्याच्या नावावर तेरा वर्षं एक चूक जमा आहे आणि ती त्याची नाही. ते सांगायला मी एवढी वर्षं लावली, आणि ते सांगेपर्यंत तो थांबला नाही.

सुधाकर म्हात्रे मोरिवलीचा. त्याच्या आजोबांच्या भातशेतीवर आता कारखाने आहेत, त्यांतल्याच एका कारखान्यात मी पाइप तपासायचो. तो जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होता. शाळेत अगदी पुस्तकातलं मराठी बोलायचा, पण गाडीपाशी आला की घरची आगरी बोली सुरू. गाडी म्हणजे मिलिटरीच्या लिलावातली जुनी जीप, सपाट बॉनेटची, त्याच्यापेक्षा वयाने मोठी. आमची ओळखच मुळी ती जीप आमच्या कारखान्याच्या गेटसमोर बंद पडली म्हणून झाली. वॉचमन ओरडत होता, मागे ट्रक उभे होते, आणि हा बॉनेट उघडून आत असं पाहत होता जणू एखाद्या मुलाची वही तपासतोय. मी म्हटलं, अहो गुरुजी, आधी बाजूला तरी घ्या. त्यावर तो वर न बघता म्हणाला, "घाई कुनाला हाय?" पुढची तीस वर्षं मी हे वाक्य ऐकत आलो. घाई मला होती. मला नेहमीच असायची.

बदलापूरला जुन्या जीपवाल्यांचा एक गट आहे. रविवारी कोंडेश्वरच्या पलीकडे चिखलात, ओढ्यात गाड्या घालतात. सुधाकरलाही त्यांच्यात जायचं होतं. त्यांचा एकच नियम कडक होता, रोल केज नसलेली गाडी रस्त्याखाली उतरवायची नाही. गाडी उलटली तर आतल्या माणसाचं डोकं वाचावं म्हणून डोक्यावरून पाइपांचा सांगाडा बसवतात तो. सुधाकर त्याला पिंजरा म्हणायचा. कुठलाही शहाणा माणूस एखाद्या चांगल्या फॅब्रिकेटरकडे जाऊन महिन्याभरात तो बसवून घेईल. सुधाकरला तो निवडायला चार वर्षं लागली.

खोटं वाटेल, पण चार वर्षं. त्याने शंभर पानी वही केली. पिंजऱ्याला पाय चार की सहा. वेल्डिंग करून टाकायचा की बोल्टने कसायचा, कारण वेल्डिंग केलं तर जुन्या गाडीच्या अंगाला कायमचा डाग. पाय पत्र्यावर उभे करायचे की थेट चासीवर. कॅनव्हासचं हूड वरून बसेल का. आडवा पाइप मानेच्या मागे किती बोटांवर. हे प्रश्न चुकीचे होते असं मी म्हणत नाही, उलट सगळे बरोबर होते, आणि तेच जास्त वैताग आणणारं होतं. एकदा तर त्याने विजेच्या वायरिंगचे पांढरे प्लास्टिकचे पाइप जोडून पूर्ण आकाराचा पिंजरा केला, जीपवर चढवला, डोक्यात हेल्मेट घातलं आणि मला शेजारी बसवून अंबरनाथ पूर्वेच्या भाजीबाजारातून गाडी काढली. का, तर बसताना-उतरताना गुडघा कुठे लागतो ते पाहायला. लोक थांबून बघत होते. एका भाजीवालीने विचारलं, गुरुजी, मांडव कुनाच्या लग्नाचा? त्याने हात दाखवून गाडी थांबवली आणि तिला रोल केज म्हणजे काय ते समजावून सांगितलं. मागून रिक्षा हॉर्न वाजवतायत, आणि हा तिला चार पाय आणि सहा पाय यांतला फरक सांगतोय.

अखेर सहा पाय, बोल्टचा, चासीवर बसणारा, असं ठरलं. आता पाइप. त्यासाठी उल्हासनगरला कॅम्पातल्या परसराम शेठकडे खेपा सुरू झाल्या. प्रत्येक पाइपात सुधाकर बोट घालणार, पत्रा वळवून जोडलेला आतला उभा जोड चाचपणार, टिचकी मारून आवाज ऐकणार, वहीत लिहिणार आणि पुढच्या शनिवारी परत येऊ म्हणणार. परसराम शेठ सोशिक माणूस, पण तोही एकदा मला बाजूला घेऊन म्हणाला, "साईं, आपके गुरुजी को पाइप लेना है के शादी करनी है?" मी हसलो. तेराव्या की चौदाव्या खेपेला मात्र मला हसू येत नव्हतं. माझा गुडघा दुखत होता. घरी पाहुणे यायचे होते. ऊन होतं. आणि त्या दिवशी सुधाकरला एक पाइप पसंत पडला. जाडी बरोबर, व्यास बरोबर, बाहेरून गुळगुळीत. तो मला हाका मारत होता. मी गेलो, पाहिलं, आणि पाइपाच्या टोकाला मला लाल पट्टा दिसला.

तो पट्टा मी मारलेला होता. आमच्याकडे प्रत्येक लॉटमधल्या पाइपाची एक कडी कापून प्रेसखाली चपटी करायची पद्धत होती. जोडाला चीर गेली की तो सगळा लॉट नापास. मग टोकाला लाल रंगाचा पट्टा आणि त्याखाली तपासनिसाचा पंच, म्हणजे ठोकून उमटवलेला नंबर. या पाइपावरचा पंच माझा होता. तो लॉटही मला आठवत होता, त्याच्या कड्या बिस्किटासारख्या फुटल्या होत्या. असा माल तुकडे करूनच भंगारात जायला हवा होता. तो अख्खाच कसा बाहेर पडला हे मी तेव्हाही विचारलं नाही, नंतरही नाही.

सुधाकरने त्या पट्ट्यावर अंगठा फिरवला. "तावड्या, ह्यो लाल पट्टा कसला रं?"

मी म्हटलं, "साइझची खूण असते ती."

तो खूश होऊन परसराम शेठकडे वळला आणि म्हणाला, पाइपात ह्याचा शब्द म्हणजे कोर्ट. पाइप टेम्पोत चढले. मी सुटलो होतो. खरं सांगितलं असतं तर तो वहीच्या पहिल्या पानावर परत गेला असता, एवढाच विचार माझ्या मनात होता. आणखी एक समजूत मी स्वतःची घातली, की हा बैलगाडीपेक्षा हळू चालवतो, याची गाडी कशाला उलटतेय. पुढे फॅब्रिकेटरने पाइप वाकवले तेव्हा मी तिकडे फिरकलो नाही. वाकवताना जोड फुटावा आणि आपोआप सगळं उघड व्हावं, अशी मला आशा होती. तो तेव्हा फुटला नाही.

फुटला तो पाच महिन्यांनी. कोंडेश्वरच्या पुढे एका कोरड्या ओढ्याच्या उताराला जीप आडवी झाली, तीही किती सावकाश... म्हैस लवंडावी तशी. गटातले लोक म्हणतात, चांगला पिंजरा असता तर गुरुजी कपडे झटकून बाहेर आले असते. त्याच्या मागचा पाइप वाकणातून जोडावर उभा चिरला, वरची कमान दुमडली आणि डाव्या खांद्यावर आली. डोकं वाचलं. डावा हात त्यानंतर छातीच्या वर कधी गेला नाही. सुधाकर डावरा होता. फळ्यावरचं त्याचं अक्षर पाहायला शेजारच्या वर्गातले शिक्षक यायचे. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. ती दोन वर्षं त्याने उजव्या हाताने, पहिलीतल्या मुलासारखं वेडंवाकडं लिहून काढली.

दवाखान्यात मी त्याच्या उशाशी बसलो होतो. तो म्हणाला, "तावड्या, निवडताना माझंच कायतरी चुकलं." तो छताकडे बघत होता. बहुधा वहीतली पानं मनात उलटत असावा. बोलायची वेळ हीच होती. मी म्हटलं, आराम कर.

त्यानंतर तेरा वर्षं ही गोष्ट गमतीची झाली. चार वर्षं निवडून गुरुजींनी कुजका पाइप निवडला, असं जीपवाले हसत हसत सांगायचे. घरात कपाट घ्यायचं असो की साडी, वहिनी म्हणायच्या, यांना विचारू नका, यांनी एकदा निवडलंय. तोही हसायचा. मी समोर बसून चहा प्यायचो. पूर्वी तो निवडून मोकळा व्हायचा, उशिरा का होईना. अपघातानंतर त्याला निवडवेनाच. स्वतःवरचा विश्वासच उडाला होता, आणि म्हणून प्रत्येक गोष्टीला मला फोन. बूट, पंखा, चष्म्याची काडी, डासांची जाळी. त्या फोनांनी मी वैतागायचो. फोन माझ्याकडेच का येतात, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं?

मोरिवलीत देवळाच्या सभामंडपात शोकसभा झाली. जीपवाल्या गटातला एक जण बोलायला उभा राहिला आणि त्याने प्रेमाने तीच गोष्ट सांगितली. लोक डोळे पुसत हसले. मी हात वर करून बोलू शकलो असतो. चार दिवसांनी त्याच्या घरी गेलो आणि वहिनींना सगळं सांगितलं.

त्या त्याच्या टेबलापाशी बसल्या होत्या. टेबलावर पाइप कापताना उरलेला वीतभर तुकडा उभा होता. त्याने त्याला खाली चकती लावून पेनं ठेवायला घेतला होता. वर लाल पट्टा, अगदी ताजा. वहिनींनीच सांगितलं, दर खंडेनवमीला हत्यारांसोबत तो तुकडा पुजला जायचा, आणि आदल्या दिवशी सुधाकर उजव्या हाताने पट्टा पुन्हा रंगवायचा. त्या म्हणायच्या, कशाला त्या मेल्या पाइपाचे लाड? तर म्हणायचा, खूण आहे ती, तावड्याने सांगितलंय, पुसली तर पुढच्याला साइझ कशी कळणार.

माझं सांगून झालं. मी शिव्यांची वाट पाहत होतो. त्या तुकड्याकडे पाहत म्हणाल्या, "म्हणजे तेरा वर्षं मी त्यांना उगाच बोलले. रोज बोलले हो भावजी... रोज."

याचा मी कधी विचारच केला नव्हता. मला वाटत होतं, ओझं माझं एकट्याचं आहे. मी तो तुकडा घेऊन जाऊ का, असं विचारलं, म्हणजे त्यांच्या डोळ्यांसमोर राहणार नाही. त्यांनी तो जवळ ओढून घेतला. म्हणाल्या, "हा इथेच राहील. यंदा पट्टा रंगवायला तुम्ही यायचं. आणि कुणी विचारलं कसला पट्टा, तर तुम्ही सांगायचं."

तर कसला पट्टा, ते आज इथे सांगितलं. पाइप नापास होता आणि तो मी नापास केलेला होता. सुधाकर म्हात्रेने चार वर्षांत एकही चुकीची गोष्ट निवडली नाही. चुकला तो फक्त कोणाला विचारावं यात.

खंडेनवमी जवळ आली आहे. परवा अंबरनाथ पूर्वेला रंगाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने लाल रंगाचे तीन छोटे डबे समोर ठेवले. कारखान्यातला लाल कोणता होता ते मला आठवेना. शेकडो पाइपांवर मी तो मारला आहे. एक जरा विटकरी वाटत होता, दुसरा जास्तच भडक. मी तिन्ही झाकणं उघडायला लावली, डबे बाहेर उन्हात नेऊन पाहिले, परत आत आणले. मागे दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती.

"काका, लालच ना? कुठला पण घ्या," दुकानदार म्हणाला.

मी म्हटलं, थांब जरा. घाई कुणाला आहे?