टेकडीसाठी लिहिलेलं निवेदन

बोईसरला आमच्या सोसायटीमागे एक सार्वजनिक बाग आहे आणि बागेला लागून टेकडी. टेकडीवर गोदामं होणार अशी बोलवा उठली आणि सोसायटीतले सगळे अस्वस्थ झाले. आमच्या खालच्या मजल्यावर वीज प्रकल्पातून निवृत्त झालेले एक काका राहतात. त्यांनी ठरवलं, रविवारी सगळ्यांनी मिळून टेकडी चढायची, लोकांना ती दाखवायची आणि सह्या घेऊन निवेदन द्यायचं. निवेदन लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी कारखान्याच्या डिस्पॅच ऑफिसात आहे, अक्षर बरं आहे, म्हणून.

मी मूळची नगरकडची. बोईसरला येऊन बावीस वर्षं झाली, पण त्या टेकडीवर कधी गेले नव्हते. खिडकीतून दिसायची तेवढीच. तरी मी झोकात लिहिलं, ‘सदर टेकडी निर्मनुष्य असून निसर्गसंपन्न आहे.’

दिवाळी नुकतीच झाली होती. आम्ही चाळीसेक जण निघालो. बायका, पोरं, पांढऱ्या टोप्या, पाण्याच्या बाटल्या. बागेच्या मागच्या फाटकातून पायवाट वर जात होती. वाट इतकी मळलेली कशी, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही.

अर्ध्यावर साग संपले आणि समोर नाचणीचं शेत आलं. उतारावरचा लहानसा तुकडा, पलीकडे कुडाचं घर. एक बाई कणसं कापत होती. आमची वरात बघून ती उभी राहिली.

“कुठं चाललेत सगली?” तिने मला विचारलं, कारण मीच पुढे होते.

“टेकडी वाचवायला, मावशी,” मी म्हणाले, आणि माझं मलाच कसंतरी झालं.

“कोनापासून?”

मी गोदामांचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. “गोडाऊन नकोच हाय,” ती म्हणाली. मग माझ्या हातातल्या कागदाकडे बोट केलं. “काय लिवलंय? वाच ना.”

मी वाचायला लागले आणि त्या शब्दापाशी आले. थांबले. “निर्मनुष्य म्हंजे?” तिने विचारलं.

“म्हणजे... इथं माणूस राहत नाही.”

ती हसली नाही, रागावलीही नाही. शेताकडे बघून म्हणाली, “मंग आमी कोन?”

मी पर्समधून पेन काढलं, तो शब्द खोडला आणि वर लिहिलं, ‘येथे काही कुटुंबे पिढ्यानपिढ्या शेती करतात.’ तिला वाचून दाखवलं. तिने मान हलवली. तेवढ्यात घरामागून तिचा नवरा आला. त्याला कळल्यावर तो गडबडला. “नको बाई, नको लिवू. जमिनीच्या पट्ट्याचा अर्ज सरकारात अडकलाय. उगाच कुनी बघाया येल.”

“लिव,” बायको म्हणाली. “नाय लिवलं तर आमी हावच नाय.”

“लिवलं तर हाकलतील!”

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी काकांना हाक मारली. ते धापा टाकत वर आले, कागद बघितला आणि मला बाजूला घेतलं.

“तुमचा हेतू चांगला आहे हो. पण शेती लिहिलीत की साहेब म्हणणार, अतिक्रमण आहे, आधी ते काढा. या लोकांचंच नुकसान.”

“आणि नाही लिहिलं तर?”

“तर टेकडी तरी राहील.”

काकांचं खोटं म्हणता येईना. त्या बाईचं तर नाहीच नाही. मी ती ओळ पुन्हा खोडली. कागद बरबटला. ती बाई वाकून पुन्हा कणसं कापू लागली. बाकीचे वर जाऊन फोटो काढून आले. मी तिथंच दगडावर बसून राहिले. तिने मला तांब्याभर पाणी दिलं, तेव्हा तर मला तिच्याकडे बघवेना.

घरी येऊन निवेदन नव्याने लिहिलं. ‘निर्मनुष्य’ काढला. शेतीचं लिहिलं नाही. नुसतं ‘टेकडी निसर्गसंपन्न आहे’ इतकंच ठेवलं. काका म्हणाले, छान जमलंय. सह्या झाल्या, कागद गेला.

गोदामांची बोलवा पुढे विरली. आमच्या कागदामुळे की आणखी कशामुळे, कुणास ठाऊक. जानेवारीत वनखात्याने टेकडीला तारेचं कुंपण घालायला सुरुवात केली. सोसायटीत पेढे वाटले गेले. मी पेढा घेतला, खाल्लाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी वर गेले. घराच्या दाराला दोरी बांधलेली होती. खालच्या पाड्यावर विचारलं तेव्हा कळलं, दोघं वीटभट्टीवर गेलीत, पावसाच्या आधी परततील. कुंपणाचे खांब त्यांच्या शेताच्या खालच्या बाजूने गेले होते. म्हणजे शेत आत होतं. आत असणं चांगलं की वाईट, ते मला ठरवता येईना.

खांब पुरणाऱ्या माणसाला मी विचारलं, “भैया, इधर से अंदर जाने का रास्ता रहेगा क्या?”

“मालूम नहीं, दीदी,” तो म्हणाला. “नक्शे में तो कोई रहता नहीं।”

मी त्याला हात करून ते घर दाखवलं. त्याने बघितलं, खांदे उडवले आणि पहारीने पुढचा खड्डा खणायला घेतला.