नोटिशीच्या महिन्यातली परीक्षा

आमच्या लहानशा विमान कंपनीत मी हिशेबाचं काम पाहतो. प्रवासी रोडावले तेव्हा काही वैमानिकांना महिन्याची नोटीस मिळाली. त्यांत आमच्या कॅप्टन बाईही होत्या. सगळे त्यांना ताई म्हणत.

वैमानिकाला दर सहा महिन्यांनी जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये परीक्षा द्यावी लागते. ती चुकली की दुसरी कंपनी दारात उभं करत नाही. ताईंची परीक्षा त्याच आठवड्यात होती. आमच्या व्यवस्थापक साहेबांनी खर्च वाचवायला ती रद्द केली.

ठरल्या वेळी ताई गणवेशात हजर!

"ताई, आता कशाला उगाच?" साहेब म्हणाले.

"उद्या मला उड्डाणाला पाठवताय ना? मग आज परीक्षाही घ्या."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "ताईंचं बरोबर आहे, साहेब." शेवटी साहेबांनी परीक्षेला होकार दिला.

परीक्षकांनी नंतर हसत सांगितलं, की विमान वर चढतानाच त्यांनी एक इंजिन बंद पाडलं, तर ताई म्हणाल्या, "कंपनीनं पायाखालची जमीन काढली, तुम्ही नुसतं इंजिन काढलंत!" आणि विमान अलगद उतरवलं.

निकाल साहेबांपुढे ठेवून ताई म्हणाल्या, "सही करा, साहेब. मला पुढच्या दारावर टकटक करायचीय."