प्रीतीची scale=2 ही ओळ

माझ्या मैत्रिणीला आज, तिच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी, माफी मिळाली आहे.

तिच्या ऑफिसच्या सरांनी सकाळी पोस्ट टाकली : "प्रीती हुशार होती. तिच्या हातून झालेली चूक आम्ही केव्हाच माफ केली."

ती चूक काय होती, ते सांगते.

प्रीती आसगावची. घरी मासेमारी.
गावच्या तलावात माशांवर रोग आला. किती पाण्याला किती औषध, याचा हिशेब करणारी स्क्रिप्ट भंडाऱ्याच्या ऑफिसात तिने लिहिली. भागाकार bc करायचा. bc म्हणजे कॉम्प्युटरच्या टर्मिनलमधला कॅल्क्युलेटर.

त्याला scale=2, म्हणजे दोन दशांश ठेव, असं सांगितलं नाही, तर तो दशांश कापून टाकतो.
7/4 म्हणजे 1.75 नाही. 1.

औषध कमी पडलं. मासे उलटे होऊन वर आले.

सरांनी गावासमोर सांगितलं, हिशेब प्रीतीचा. दुसऱ्या दिवशी तिचा लॉगिन बंद.

तिचा फोन आला.
"मी scale टाकलंच होतं ना वो. मंग दवा कमी काहून निघाली?"

हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. पुढे काविळीने गेली.

"मासेवाल्याच्याच पोरीनं मासे मारले," असं लोक अजून तिच्या वडिलांना तोंडावर म्हणतात. काकांना कोणी मासे धरायला डोंग्यात सोबत घेत नाही.

गेल्या महिन्यात सर भंडारा स्टँडवर भेटले. खुशीत होते.
"स्क्रिप्ट छानच होती तिची. ती scale ची ओळ तेवढी मी काढून टाकली होती. रिपोर्टमध्ये दशांश बरे दिसत नाहीत ना."

आपण काय बोललो, ते त्यांना समजलं नाही.
मीही समजावलं नाही.
"हो सर," म्हणाले. आणि आजच्या कार्यक्रमाचं आमंत्रण दिलं.

आत्ता मी प्रीतीच्या अंगणात आहे. सगळे डोंगेवाले आले आहेत. तिच्या लॅपटॉपवर मूळ स्क्रिप्ट उघडी आहे. ती ओळ ठेवून एक उत्तर, काढून दुसरं.

काकांनी विचारलं, "सराले आधी चहा द्यायचा का, माय?"
म्हटलं, द्या. मग ओळ त्यांच्याच हाताने काढायला लावू. सगळ्यांसमोर.

सर, वाटेत ही पोस्ट वाचलीत तर परत फिरू नका. गाव वाट बघतंय. नाही आलात तर गाव ऑफिसात येईल.

प्रीती, तुझा हिशेब बरोबर होता.
येते गं.