लाभ, दोन, तीन

माझी जीभ तिखट आहे. हे मी कौतुकानं सांगत नाही. घरच्यांना माहीत आहे, शाळेत माहीत आहे, आमच्या रस्त्यावरच्या जीपवाल्यालाही माहीत आहे. गेवराई तालुक्यात, तलवाड्याच्या अलीकडं एका वस्तीवर जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा आहे, तिथं मी पहिलीचा वर्ग घेते. मी स्वतः बीड शहरात वाढले. वडील कचेरीत कारकून, त्यामुळं शेत म्हणजे मला एसटीच्या खिडकीतून दिसायचं तेवढंच. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा घोटाळा त्यातूनच झाला.

जूनमध्ये नवी पोरं आली की पहिल्या आठवड्यात मी प्रत्येकापुढं मूठभर चिंचोके ठेवते आणि मोजायला सांगते. कोण कुठपर्यंत येऊन बसलंय ते लगेच कळतं. त्या वर्षी एक मुलगी होती, सहा वर्षांची, दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी. तिची पाळी आली तशी ती मांडी ठोकून बसली, चिंचोके पुढ्यात ओढले आणि खणखणीत आवाजात सुरू झाली, "लाभ, दोन, तीन, चार..."

"थांब थांब. लाभ काय? एक म्हण."

तिनं माझ्याकडं पाहिलं, चिंचोके परत गोळा केले आणि पुन्हा म्हणाली, "लाभ."

"अगं माय, एकाला एक म्हणतेत. मग अंगणवाडीत काय नुसती खिचडी खायला गेलतीस?"

वर्ग खो खो हसला. मीही हसले. आज लिहितानाही त्या हसण्याची लाज वाटते.

त्या दिवसापासून तिनं वर्गात आकडा तोंडातून काढला नाही. हजेरीला नुसता हात वर. अक्षरं गिरवायची, चित्रं रंगवायची, पण अंक विचारला की नजर खाली आणि ओठ बंद. पाटीवरही अंक लिहायची नाही. बाकीची पोरं सांगायची, "मॅडम, ती बाहेर लई बोलते." मी गोडीत घेतलं, रागावून पाहिलं, साखरफुटाणे देऊन पाहिले. आधी मला तिचाच राग यायचा, एवढासा जीव आणि केवढा हट्ट. दिवाळी झाली, संक्रांत झाली. मग हळूहळू राग माझ्याकडंच वळायला लागला. घरी भाकरी थापताना ती डोळ्यांपुढं यायची आणि भाकरी करपायची.

फेब्रुवारीत केंद्रप्रमुख आले. आसपासच्या आठ-दहा शाळा ते बघतात. त्यांनी माझी नोंदवही चाळली आणि त्या मुलीच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"वर्षभरात एक अंक बोलली नाही ही. विशेष गरजा असलेल्या मुलांच्या यादीत नाव घाला. तपासणी होईल, ठीक असेल तर निघेल नाव."

"सर, ती बाहेर बोलते."

"बाहेरचं रजिस्टर नसतं मॅडम."

ती यादी वाईट नाही. ज्या लेकरांना गरज आहे त्यांना तिचा मोठा आधार होतो, मी पाहिलंय. पण हिचं नाव तिथं गेलं असतं ते माझ्या जिभेपायी. आणि वस्तीवर एकदा का कुणी 'त्या पोरीला मोजता येत न्हाई' म्हणालं, की ते लग्नापर्यंत पुरतं. केंद्रप्रमुखांनी मार्चपर्यंत मुदत दिली. पालकांच्या सहीचा कागद मी पर्समध्ये घातला आणि दोन आठवडे तसाच वागवला.

शेवटी एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, मी तिच्या घरी गेले. घर शेतातच. वडील कामासाठी माजलगावला गेले होते. अंगणात ताडपत्रीवर ज्वारीची पिवळी रास पडली होती. यंत्रातून कालच निघालेली. तिचे आजोबा, आबा म्हणतात त्यांना सगळे, राशीपाशी बसून पायलीनं ज्वारी मोजून कट्ट्यात भरत होते. पायली म्हणजे धान्य मोजायचं लोखंडी माप, कट्टा म्हणजे पोतं. मी बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी हातानंच थांबवलं. मोजताना बोलायचं नाही, एवढं मलाही कळलं.

त्यांनी पायली भरली, वर आलेली ज्वारी तळहातानं सारखी केली, कट्ट्यात ओतली आणि म्हणाले, "लाभ."

मी जागच्या जागी उभी राहिले. दुसरं माप गेलं. "दोन." तिसरं. "तीन." बारापर्यंत गेले आणि पुन्हा पहिल्यापासून, "लाभ." त्यांच्या शेजारी माझी विद्यार्थिनी बसलेली. बारा झाले की ती एक खडा पुढं सरकवायची; मी आले तेव्हा दोन खडे आधीच सरकलेले होते. मला तिनं पाहिलं होतं, पण काम सोडलं नाही.

सात मापं गेल्यावर आबा दमले. मला बसायला पोतं टाकलं, कपाळ पुसलं आणि नातीला विचारलं, "किती झालं गं?"

"तीन मण आन सात."

"मंजी पायल्या किती?"

"त्रेचाळीस."

पापणीसुद्धा लवली नाही तिची. बोटं नाहीत, पुटपुटणं नाही. आबांचा मण बारा पायल्यांचा. पलीकडच्या गावात सोळाचा धरतात म्हणे. तीन बारे छत्तीस आणि सात त्रेचाळीस, हे माझ्या वर्गातली न मोजणारी मुलगी सांगत होती. माझे डोळे भरून आले आणि मी ज्वारी बघतेय असं दाखवत मान वळवली.

"आबा, पहिल्याला लाभ कावून म्हणता?"

"पहिल्या मापाला एक म्हणत न्हाईत मॅडम. रास वाढावी म्हणून लाभ म्हणायचं. माझ्या बापानं मला शिकिवलं, मी हिला शिकिवलं. आता कोन मोजतंय पायलीनं? सगळं काट्यावर. पण घरी खायची ज्वारी मी असीच भरतो." नातीकडं बघून म्हणाले, "शाळेत मात्र हिला येत न्हाई म्हणतेत. ते कसं काय?"

"जूनमध्ये ही लाभ म्हणाली आणि मी हसले, आबा. सगळ्यांसमोर."

त्यांनी रिकामी पायली राशीवर पालथी ठेवली. मग म्हणाले, "मग आता तुमीच बगा." आणि नातीला आत आईकडं चहाचं सांगायला पाठवलं. मी सही न घेता परत आले.

सोमवारी वर्गात उभी राहिले आणि सरळ सांगितलं, "जूनमध्ये मी चुकले होते. लाभ म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. हिला माहीत होतं. मी हसायला नको होतं." ती खिडकीबाहेर बघत बसली. मी आबांकडून जुनी पायली मागून आणली. पटांगणात वाळूची रास केली आणि सगळा वर्ग लाभ, दोन, तीन करत मोजायला लागला. माप तिच्याच हातात दिलं होतं. वाळू तळहातानं अशी सारखी करायची की बघत राहावं. पण तोंड बंद ते बंदच.

मला राग आला. खोटं कशाला सांगू, माफी मागितली की ती ताबडतोब मिळाली पाहिजे असं वाटणाऱ्यांतली मी आहे. मग मी फळ्यावर मुद्दाम चुका करायला लागले. पाच, दहा, पंधरा, पंचवीस. बाकीची पोरं उड्या मारून "मॅडम चुकलं, मॅडम चुकलं" ओरडायची. ती माझ्याकडं अशी बघायची की माझं नाटक मलाच ओशाळवाणं व्हायचं.

मार्च अर्धा सरला आणि केंद्रप्रमुख कागद न्यायला आले. मागं खुर्चीवर बसले. मी फळ्यावर बारा-बाराच्या उड्या घेतल्या होत्या. पहिलीत बाराचा पाढा नसतो, ठाऊक आहे मला. मी तो कुणासाठी घेतला होता हेही ठाऊक आहे. १२, २४, ३६, ४८ असं एकाखाली एक लिहिलं.

"बघा, एककात दोन-दोन वाढतात. दोन, चार, सहा, आठ. आणि दशकात एक-एक. एक, दोन, तीन, चार. मग पुढं काय येणार?"

वर्गानं एका सुरात सांगितलं, "पन्नास." मी लिहिलं, ५०. केंद्रप्रमुखांनीही मान डोलावली.

"न्हाई."

मी वळले. ती उभी होती.

"काय नाही?"

"पन्नास न्हाई. साठ."

आणि मी काय केलं? मागं साहेब बसलेले, माझं चित्त थाऱ्यावर नाही. "पन्नासच. सगळे सांगतायत ना? बस खाली."

शब्द तोंडातून गेले आणि मला माझाच जूनमधला आवाज ऐकू आला. आता ही बसणार, आणि जी बसेल ती कायमचीच.

ती बसली नाही. वेणी तोंडाशी नेली, सोडली आणि म्हणाली, "अठ्ठेचाळीसला चार मण झाले. पाचव्या मणात दोनच पायल्या कशा? धा पायल्या कुठं गेल्या मॅडम?"

मी फळ्याकडं पाहिलं. माझे कान तापले. बरोबर होतं तिचं, आणि या वेळी माझी चूक मुद्दाम केलेली नव्हती. आकड्यांच्या नक्षीला भुलून आम्ही सगळे, साहेबांसकट, दहा पायल्या सांडून मोकळे झालो होतो. चूक निघाल्याचा एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

"गेल्या खऱ्या," मी म्हणाले. "ये, तू लिही."

ती आली. तळहातानं ५० पुसलं आणि टाचा उंचावून मोठ्यानं म्हणत लिहायला लागली. साठ. बहात्तर. चौऱ्यांशी. शहाण्णव. आमची पहिली शंभरावर संपते, त्यापुढं मी कुणाला काही शिकवलेलं नव्हतं. मला वाटलं थांबेल. ती क्षणभर थांबली, ओठ हलवले आणि म्हणाली, "एकशे आठ." आणि लिहिलं, १००८.

माझा हात डस्टरकडं गेला. तो मी मागं घेतला.

केंद्रप्रमुख खुर्चीतून पुढं झुकले. "मॅडम, ते एकशे आठ..."

"असू द्या सर," मी म्हणाले. "ते उद्या बघू."

तोवर ती फळ्याच्या तळाशी पोचली होती आणि पुढचा आकडा कुठं लिहू म्हणून मला जागा मागत होती.